थांबलेला पट्टा बंद नसतो

सहकाऱ्यांनो, आज सकाळी घडले ते असे:

१. कोळसा वाहून नेणारा पट्टा थांबला.
२. फोरमनसाहेबांनी ‘स्टेशनरी’ ही इंग्रजी पाटी लटकवली.
३. फिटर गणपतरावांनी रोलरमध्ये हात घातला.
४. मी ओरडले. त्यांनी हात काढताच पट्टा सुरू झाला.

गणपतराव मला म्हणाले, “पाटी पाहूनच हात घातला नं, बाई! मलेच काहून रागावून राहिल्या?”

‘स्टेशनरी’ म्हणजे फक्त न हलणारे. पट्ट्यापुढचा कोळशाचा हौद भरला की आपला पट्टा आपोआप थांबतो, रिकामा झाला की आपोआप चालतो. वीज चालूच असते.

फोरमनसाहेब म्हणतात, शब्द बरोबर होता. होताच. म्हणूनच माझे मन थाऱ्यावर नाही.

यापुढे फ्यूज काढून खिशात ठेवल्यावरच ‘वीज तोडली आहे’ अशी मराठी पाटी लावावी. मान्य असो वा नसो, शनिवारपर्यंत याच कागदावर खाली तसे लिहा.