संजूची पत्र्याखालची टेस्ट

संजू उष्माघाताने गेला. कूलर दोन हातांवर होता, आणि तो त्यानेच बंद केला होता.

आज वर्ष झालं.

संजू माझा धाकटा भाऊ. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचा. खाली दुकान, वर टेस्टिंगची खोली. पत्र्याची.

गेमिंगला कुठला प्रोसेसर चांगला, हे मुलं व्हिडिओ बघून ठरवून यायची.

संजू म्हणायचा, "ते लोक एसीत बसून टेस्ट करतेत. तू कुठं खेळणार? पत्र्याखालीच ना? मंग पत्र्याखालचा आकडा माझ्याकडून घे."

खरं होतं ते. प्रोसेसर फार तापला की आपणहून मंद होतो आणि गेम अडखळतो. एसीत पहिला आलेला जालन्याच्या मे महिन्यात मागे पडतो.

म्हणून तो भर दुपारी, दार लावून, तासतासभर गेम चालू ठेवायचा आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात ते आकडे वहीत लिहायचा.

"कूलर लावला की आकडा खोटा येतो, आक्का."

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाला, अथर्वला, गेमिंग पीसी हवा होता. दोन प्रोसेसरवर घोडं अडलं होतं.

मी फोन केला. "दोन्हींतला कुठला? एका शब्दात सांग."

"एका शब्दात सोयरीक तरी जमती का? दोन्ही आणून ठेवलेत. रविवारी लावतो."

"रविवारी नाही, आज. चार दिवस झाले तुझा घोळ चालू आहे."

"बरं बाई. हेडबाईंचा हुकूम!"

तीन वाजता त्याचाच फोन आला.

"पहिला दमला बघ, आक्का. फ्रेम पार खाली आल्या. आता दुसरा लावून राह्यलो. डोकं लई दुखून राह्यलंय."

आवाज जड होता. "दुसरा लावून राह्यलो" हे तो पुन्हा एकदा बोलला.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर उन्हाळ्यात उष्माघाताची लक्षणं फळ्यावर लिहिली.

डोकेदुखी. जीभ जड होणे. बोलण्यात गोंधळ.

मी म्हणाले, "आवर लवकर."

पाच वाजता त्याची बायको वैशाली चहा घेऊन वर गेली. संजू टेबलावर डोकं टेकून होता. अंग भाजत होतं. स्क्रीनवर गेममधली गाडी एकटीच फेऱ्या मारत होती.

दवाखान्यात दोन दिवस. डोळे उघडले नाहीत.

लोक म्हणतात, वेळ आली होती.

नव्हती आली. घाई मी केली.

खोलीला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. वहीत दुसऱ्या प्रोसेसरपुढे तीन आकडे आहेत, पुढे कोरं. अथर्व पीसीचं नाव काढत नाही. वर्षभरात काही हलकं झालं नाही. होईल असं वाटतही नाही.

परवा वैशाली म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका, ताई. ते कुणाचं ऐकणारे होते का?"

होता ना. माझं ऐकायचा.

आई लवकर गेली. त्याला मी वाढवला. पन्नाशीतही मी "जेव" म्हटलं की मुकाट्याने जेवायला बसायचा. "खाली ये" म्हटलं असतं, तर टेस्ट अर्धी टाकून आला असता.

संजू, ही तुझ्या बहिणीची श्रद्धांजली.

माफी मागत नाही. ती देणारा उरला नाही.