हाफटाइमची वार्षिक सभा

श्याम टिपणीस ऑस्ट्रियाला कधी गेलेला नाही. तरी आमच्या माउंट रॉस्किल उपनगरातल्या एका मैदानाच्या कडेला जी लाकडी खोली आहे, तिच्या दारावर स्टाइनरीड हे ऑस्ट्रियातल्या एका खेड्याचं नाव आहे, आणि त्या खोलीची किल्ली श्यामच्या गळ्यात असते. मी त्याचा मित्र. फुटबॉल मला कळत नाही. शनिवारी त्याच्याबरोबर जाऊन बसतो, एवढंच. त्यामुळे खेळाबद्दल काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

फार वर्षांपूर्वी इथे घरं बांधायला काही ऑस्ट्रियन सुतार आले. सगळे एकाच गावचे. शनिवारी करायचं काय, म्हणून त्यांनी क्लब काढला. नाव गावातल्या क्लबचंच ठेवलं, जर्सीवर तेच हिरवे-पांढरे पट्टे. पहिला सेक्रेटरी निवडला तो एका बाईच्या मागे सिडनीला पळाला, खोलीच्या किल्ल्या खिशात घेऊन. सुतार चिडले. त्यांनी नियम केला: नवा सेक्रेटरी निवडला जाईपर्यंत जुना सुटणार नाही, आणि निवड पंधरा सभासद समोर असतील तरच. पळणाऱ्यासाठी केलेला हा नियम पुढे न पळणाऱ्याच्या वाट्याला आला.

श्यामची मुलगी सलोनी लहानपणी तिथे खेळायची. श्याम हाफटाइमला संत्री कापून द्यायचा. सुतारांपैकी शेवटचा फ्रान्झ तेव्हा सेक्रेटरी होता. त्याने एक दिवस किल्ली श्यामच्या हातात ठेवली. "दुसरा कोणी मिळेपर्यंत धर," म्हणाला. पुढे फ्रान्झ वारला. सलोनी शिकून खाली दक्षिण बेटावर, ख्राइस्टचर्चला गेली. मग कळलं की तिकडे ऑस्ट्रियात गावात खेळायला पोरंच उरली नाहीत, क्लब शेजारच्या गावाच्या क्लबात मिसळून टाकला. घरातलं कोणी गेल्यासारखं श्यामने मला ते सांगितलं.

"रमणराव, ते नाव आता फक्त आपल्याकडे."

"आपल्याकडे म्हणजे तुझ्याकडे," मी म्हणालो. तो हसला नाही.

गेल्या वर्षी सलोनीला जुळ्या मुली झाल्या. श्यामने आणि सरलावहिनींनी तिच्याजवळ राहायला जायचं ठरवलं. क्लबमुळे जाणं दोनदा पुढे ढकललं. शेवटी हिल्सबरोचं राहतं घर विकलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता तिकीट पुढे ढकलणार नाही. तुम्ही आलात तर दोघं, नाहीतर मी एकटी."

सभा बोलावली की कोणी यायचं नाही. आलं की गळ्यात पडेल, हे सगळ्यांना ठाऊक. व्हॉट्सॲपवर ढीगभर अंगठे, खोलीत चार माणसं. त्यांतला एक मी, आणि मी सभासद नाही. शिवाय श्यामची एक खोड होती. दर वर्षी तो म्हणायचा, "कोणी घेत असेल तर आनंदच आहे. नाहीतर मी आहेच." ते शेवटचं वाक्य ऐकलं की लोकांच्या जिवात जीव यायचा.

सभा हाफटाइमला घ्यायची युक्ती वहिनींची. "मॅच सोडून पळतील कुठे? आणि अहो, ते 'मी आहेच' तोंडातून काढायचं नाही. म्हणून दाखवा बरं."

"मी जातोय. नवा सेक्रेटरी हवा."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"शाब्बास."

त्या शनिवारी मैदानात चिखल होता. पहिला हाफ संपला, पोरं हाश्शहुश्श करत खाली बसली, पालक भोवती जमले. श्याम एका क्रेटवर उभा राहिला. "ही क्लबची वार्षिक सभा आहे."

"काका, मॅच चालू आहे!" कॅप्टन अभिषेक ओरडला. हा औरंगाबादहून शिकायला आलेला, आता इथलाच झालाय.

"म्हणूनच," श्याम म्हणाला. सगळे हसले. मग त्याने पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली आणि तो थांबला.

अभिषेक बुटाचा चिखल काढू लागला. "काका, मी ईस्ट टामाकीच्या कारखान्यात नाइट शिफ्टला असतो."

गोलकीपरची आई टोंगा बेटांवरची, मेले तिचं नाव; सगळ्यांच्या जर्सी तीच धुते. "माझ्याकडे पाहू नका," ती म्हणाली, "माझ्यामागे चर्च आहे आणि पाच पोरं आहेत. त्यातलं एक घेता का बदल्यात?"

पुन्हा हशा. मग कोणी बोलेना. श्यामचे ओठ हलले. माझ्या शेजारी वहिनी पुटपुटत होत्या, "नका बोलू, नका बोलू." तो नाही बोलला. रेफरीने घड्याळ पाहिलं.

"मग बंद करायचा का क्लब?" मेले म्हणाली. "विचारून तर टाका."

श्यामने विचारलं. बंद करण्याच्या बाजूने कोण? एकही हात नाही. चालू ठेवायचा म्हणणारे? सगळे हात वर गेले. चिखलाचे हात, संत्र्याची फोड धरलेले हात. आणि क्रेटवरचा एक कोरडा, स्वच्छ हात. श्यामचा.

"एकमत, काका! स्वीट ॲज!" अभिषेक म्हणाला. इथल्या भाषेत झकास. शिट्टी झाली आणि पोरं मैदानात पळाली.

परतताना मी गाडीत मागे बसलो होतो.

"हात कशाला वर केलात?" वहिनी म्हणाल्या.

"प्रश्नच तसा होता."

"प्रश्न तुम्हीच विचारलात ना?"

वायपर चालू होता, पाऊस थांबला होता, तरी तो बंद करायचं श्यामला सुचलं नाही.

महिनाअखेरीला वहिनी एकट्या गेल्या. घराचा ताबा नव्या मालकांना द्यायचा होता, म्हणून श्याम आमच्या मागच्या अंगणातल्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे घरापासून सुट्या एका खोलीत, राहायला आला. एक पलंग, एक हीटर, दोन बॅगा. बॅगा त्याने अजून उघडलेल्या नाहीत. वरच्या वर हात घालून शर्ट काढतो. रात्री फोनवर जुळ्यांना पाहतो. त्या आता त्याला ओळखून हसतात, असं सांगतो, आणि मग उगाच हवेबद्दल बोलत राहतो.

परवा वहिनींचा फोन मला आला.

"भाऊजी, ते येणार कधी?"

"सीझन संपला की, म्हणतोय."

"मागच्या सीझनलाही हेच म्हणाले होते. खोलीचं भाडं घेता का त्यांच्याकडून?"

"छे छे! काहीतरीच काय वहिनी. हवं तितके दिवस राहू दे की."

"तुम्ही चांगले आहात, फ्रान्झ चांगला होता, ती पोरंसुद्धा चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "एखादा तरी वाईट माणूस भेटायला हवा होता हो त्यांना. हाकलून दिलं असतं."

मागचं दार वाजलं. दारात श्याम होता, हातात ओल्या जर्सींची बादली. मेलेचं मशीन बिघडलं होतं.

"रमणराव, चिमटे आहेत का अजून?"

फोन माझ्या कानाला तसाच होता. वहिनींनी ऐकलं असणार. मी ड्रॉवर उघडला आणि त्याला चिमटे काढून दिले.