गुनवोरची रविवारची घरं

पन्नाशीला टेकलेली गुनवोर ओस्लोत आली, तोवर तिने आयुष्यात एकदाही मासा विकत घेतला नव्हता. तिच्या वारडो गावात, म्हणजे आमच्या नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, मासे शेजारीच दारात टाकून जातात. ती कामाला होती तो तिथला मासळीचा कारखाना बंद पडला. नवरा त्याआधीच एका बोटीवरच्या स्वयंपाकिणीबरोबर निघून गेला होता. आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मात्र जागा रिकामी होती. तिथे मी कित्येक वर्षं भाज्या चिरते आहे. गुनवोर माझ्या शेजारच्या ओट्यावर उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी तिने सुरीला, बटाट्याला आणि मुख्य आचाऱ्याला एकाच दमात शिव्या घातल्या. उत्तरेकडची माणसं अशीच. आपण स्वल्पविराम टाकतो, तिथे ती शिवी टाकतात. मनात काही नसतं.

पहिल्या शनिवारी मी तिला मासळीच्या दुकानात नेलं. बर्फावर एक कॉड मासा पडला होता आणि त्याच्या पोटावर किमतीची चिठ्ठी होती.

"हे काय?" गुनवोर म्हणाली. "याच्या अंत्यविधीचा खर्चही यातच धरलाय?"

"एकदम ताजा आहे," दुकानदार अदबीने म्हणाला.

"ताजा? अरे मेल्या, डोळे बघ त्याचे! लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या नवऱ्याचे असायचे, तसे दिसतायत."

आम्ही मासा न घेता बाहेर पडलो. त्या दुकानात मी त्यानंतर परत गेलेले नाही.

खोलीचीही हीच गत. तिला परवडली ती एका तळघरातली. मालक म्हणाला, "लहान आहे, पण गोंडस आहे." इतकी गोंडस, की पलंग भिंतीला उभा केल्याशिवाय दार उघडत नसे. "आमच्या कोंबड्यांना याच्यापेक्षा मोठं घर होतं," गुनवोर म्हणाली, "आणि त्या भाडं अंड्यांत द्यायच्या." तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून गेलं, हीटरच्या विजेचे पैसे वेगळे. त्यामुळे गुनवोर हीटर लावतच नसे. कोट घालून झोपायची आणि सकाळी कामावर आली की आधी सूपच्या पातेल्याला मिठी मारल्यासारखी उभी राहायची.

मग एका रविवारी, निव्वळ ऊब यावी म्हणून चालत फिरत असताना, तिला एका इमारतीच्या दाराशी पाटी दिसली: फ्लॅट विकणे आहे, आज पाहायला या. दार उघडं होतं. ती आत गेली. आत कॉफी होती, दालचिनीचे पाव होते आणि बाथरूमची फरशी खालून गरम केलेली होती! गुनवोरने बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनिशी ती त्या फरशीवर उभी राहिली ती राहिलीच. घर पाहायला आलेली माणसं दाराशी ताटकळली.

"तुमचं झालं का?" कुणीतरी विचारलं.

"माझं आत्ता कुठे सुरू झालंय," गुनवोर म्हणाली.

तेव्हापासून तिचा रविवार ठरून गेला. एका घरात नाश्ता, दुसऱ्यात कॉफी, तिसऱ्यात पाय शेकणं. दारात नाव आणि फोन नंबर द्यावा लागे, तोही ती खुशाल देई. सोमवारी बटाटे सोलताना तिला घर विकणाऱ्यांचा फोन येई आणि ती गंभीर आवाजात म्हणे, "हो, समुद्र दिसतो ते छानच आहे. पण मला जरा विचार करू दे." मी हसू दाबायला कोबीत तोंड खुपसायचे.

शेवटी तिला पकडलं उलरिकने. हा घरं विकून देणारा दलाल. कोवळा, टोकदार बुटांचा, केसांना काहीतरी चोपडलेलं. एका रविवारी तो बाथरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"गुनवोरबाई, तुम्ही घर घेणार नाही आहात."

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही माझी बारा घरं पाहिलीत. प्रत्येक घरात फक्त बाथरूम पाहिलंत."

गुनवोर बूट शोधू लागली. पण उलरिकने तिला थांबवलं. त्याचं म्हणणं निराळंच होतं. ती डोळे मिटून अशी काही तृप्त उभी राहते, की बघणाऱ्यांना वाटतं, या घरात नक्की काहीतरी आहे. मागच्या रविवारी तिच्यामागे रांग लागली आणि बोली चढली; इथे घरं बोली लावूनच विकतात. आता त्याच्याकडे एक मोठा रिकामा फ्लॅट होता, फ्रोगनरसारख्या श्रीमंत वस्तीत, आणि काही केल्या विकला जात नव्हता. मालकीण परदेशात. घराला बंद घराचा वास. गुनवोरने तिथे राहावं, घर उबदार ठेवावं, रविवारी पाव भाजावेत. भाडं नाही. मालकिणीला विचारून झालंय.

"यात मेख काय आहे?" गुनवोरने विचारलं.

"घर नीटनेटकं राहिलं पाहिजे. बस."

दोन पिशव्या घेऊन ती त्या पाच खोल्यांत राहायला गेली. पहिल्याच संध्याकाळी तिने मला फोन केला. "अगं, चष्मा हरवलाय. कुठल्या खोलीत तेही आठवत नाही!" दिवाणखान्यात पांढऱ्या खुर्च्या होत्या, दिखाव्यासाठी भाड्याने आणलेल्या. त्यांवर बसायची तिची छाती होईना. ती आपली बादली पालथी घालून, तिच्यावर बसून खिडकीतून राजधानी बघायची.

आणि तिथेच तिच्या भावाचं, हाल्दोरचं पार्सल आलं. ओस्लोत बहिणीला मासे विकत घ्यावे लागतात हे ऐकून त्याला रडू फुटलं होतं म्हणे. पार्सलात वाऱ्यावर वाळवलेले तीन अख्खे कॉड होते, लाकडासारखे कडक. गुनवोरने ते मागच्या खोलीतल्या कपाटात हँगरला टांगले आणि घर उबदार ठेवायच्या कामाला प्रामाणिकपणे लागली.

रविवारी मी मदतीला गेले होते. दार उघडताच उलरिकचा चेहरा उतरला.

"इथे कोण मेलंय?"

"कोणी नाही रे. पाव भाजतेय," गुनवोर म्हणाली.

लोक येऊ लागले. नाकं मुरडू लागले. मग मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईंनी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि अशी किंकाळी मारली, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. सगळे धावले. गुनवोरच्या एकुलत्या एक चांगल्या कोटाशेजारी तिन्ही कॉड शिस्तीत लटकत होते.

"अहो, खायचे आहेत ते!" गुनवोर ओरडली. आणि हे पटवून देण्यासाठी तिने एक मासा उचलला, उंबऱ्यावर ठेवला, जाडजूड बूट हातात घेतला आणि टाचेने त्याला बडवू लागली. धाड! धाड! उलरिक भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. मासा सुटा झाला तशी तिने त्याचे तुकडे लोणी लावून प्रत्येकाच्या हातात कोंबले. नाही म्हणायची सोय नव्हती; बूट अजून तिच्या हातात होता.

आता वाळवलेला कॉड चावायला किती वेळ लागतो, हे ज्याने खाल्लाय त्यालाच ठाऊक. आणि तोंडात तो असला की बोलता येत नाही. त्यामुळे तक्रार कुणालाच करता येईना, आणि चावत चावत रस्त्यावर जायला ओस्लोची माणसं लाजतात. सगळी तिथेच उभी राहिली, गंभीर चेहऱ्याने चावत, खिडकीतून बाहेर बघत. मागून येणाऱ्यांना वाटलं, एवढी गर्दी, एवढी शांतता, म्हणजे सगळे मनात बोलीचे आकडे मांडतायत! तेही थांबले. मोतीमाळवाल्या बाईंनी तर दुसरा तुकडा मागून घेतला.

घर दुसऱ्याच दिवशी विकलं गेलं. घेतलं बर्गनहून आलेल्या यार्ले आणि तुरिड या जोडप्याने. दोघांनाही जबरदस्त सर्दी झाली होती.

आठवड्याने सर्दी उतरली आणि तुरिडने उलरिकला फोन केला. उलरिकने तो सरळ गुनवोरला जोडून दिला. ती तेव्हा तळघरात परत जायचं टाळत माझ्याकडे सोफ्यावर झोपत होती. आम्ही दोघी वास घालवायला व्हिनेगरची बाटली आणि फडकी घेऊन गेलो. माफीदाखल गुनवोरने पातेलंभर माशाचं सूप नेलं होतं.

घरात पाहतो तर काय, खुर्च्या परत गेलेल्या, आणि ती दोघं जमिनीवर बसून राय नावाच्या धान्याचा कडक पापडीसारखा पाव कोरडाच खात होती. बँकेचा हप्ता भरल्यावर लोण्यालाही काही उरत नव्हतं.

"पाच खोल्या घेतल्यात आणि लोणी नाही?" गुनवोर थक्क झाली.

"आम्हाला वाटलं होतं, घर झालं की झालं," यार्ले पडेल आवाजात म्हणाला.

"अरे माझ्या गाढवांनो! सरका जरा."

तिने सूप वाढलं. यार्ले तीन वाट्या प्यायला आणि मग बायकोकडे बघायला लागला. तुरिडने कपाट असलेल्या खोलीकडे बघितलं. त्यांना भाडेकरू हवा होता, आणि गुनवोरला दार उघडताना पलंग उचलावा लागणार नाही अशी खोली. भाडं तळघराइतकंच ठरलं, रात्रीचा स्वयंपाक गुनवोरने करायचा, आणि मासे बाल्कनीत.

बाल्कनीतल्या माशांवरून इमारतीत महिनाभर भांडण झालं, पण गुनवोरशी भांडायला शब्दांचा साठा लागतो, आणि फ्रोगनरमध्ये तो फारच तुटपुंजा. शेवटी त्यांनी तिला, बर्फ वितळल्यावर सगळे रहिवासी मिळून अंगणातली जुनी पानं झाडतात, त्या वासंतिक सफाईची प्रमुख करून टाकलं. परवा मी सहज भेटायला गेले तर अंगणात सगळी इमारत राबत होती. वरच्या मजल्यावरचा बडा वकील पांढरी विजार घालून उशिरा उगवला.

"काय रे, लग्नाला आलायस का?" गुनवोर गरजली. "घे ती कुदळ!"

त्याने निमूटपणे घेतली. मी हसले, तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अगं पण मी इथे राहत नाही," मी म्हटलं.

"मग काय झालं? पानं तुला विचारून पडतात का?"

मी पर्स झाडाला अडकवली आणि खराटा उचलला.