पाच कापडांचे प्रस्थान

पुण्याला एक मोठी बाग आहे, तिथे मुलांसाठी रुळांवरून धावणारी छोटी आगगाडी आहे, हत्तीवर बसायला मिळते, वाघ आणि मोर जवळून पाहता येतात, असे शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला सांगितले आणि एकाहत्तर सालच्या जानेवारीत मी ठरवले की आपणही जायचे. नुसत्या मौजेसाठी आमच्या घरातले कोणी तोवर गावाबाहेर पडले नव्हते. लग्न, दवाखाना, देव नाहीतर कोर्ट, यांवाचून एस.टी.त बसायचे कारण आम्हांला ठाऊक नव्हते.

मी तेव्हा सोनईच्या शाळेत शिक्षक होतो, वय तेहतीस. घरात बायको, आठ आणि पाच वर्षांच्या दोन मुली, आणि माझी थोरली बहीण. आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्नानंतर चौथ्या वर्षी ती विधवा होऊन परत आली ती आमच्यातच राहिली. माझे शिक्षण तिने म्हशीच्या दुधावर पुरे केले, हे गावात सर्वांना ठाऊक होते, आणि मीही ते कोणापाशी नाकारत नसे. एवढे केले की ऋण फिटले, अशी माझी त्या वयातली समजूत असावी.

मी एका फुलस्केप कागदावर सहलीचे टिपण तयार केले. पहाटेची पहिली गाडी, नगरला गाडी बदलणे, सुप्याला गाडी चहासाठी थांबते तेव्हा कोणीही खाली न उतरणे, बागेत आधी आगगाडी आणि मग प्राणी, साडेतीनला परत फिरणे, नगरहून शेवटची गाडी. शेवटी लिहिले, "प्रवासी : मी, सौ., दोन मुली." कागद भिंतीवर डकवला. थोरल्या मुलीने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

धाकटीने विचारले, "आणि आत्या?"

आक्का कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. प्रश्न तिच्याविषयी होता, उत्तर मी दिले. "आत्या म्हशीपाशी. ती म्हैस दुसऱ्या कोणाला हात लावू देते का?"

आक्काने मान हलवली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारे होते, असे मी तेव्हा ज्याला त्याला सांगत असे. पहिल्या रविवारी निघायचे, तर आक्काने शुक्रवारी सांगितले की दुसऱ्या दिवशी अमावास्या लागते, लेकरांना घेऊन जाऊ नये. मी मुकाट्याने कागदावर खाडाखोड केली. दुसऱ्या रविवारच्या आधी रेडकाचे पोट बिघडले. रेडकाच्या पोटाशी आमच्या सहलीचा काय संबंध, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की घरात जनावर आजारी असताना मालकाने हत्ती बघाय जाऊ नये. शाळेत मुख्याध्यापक भेटले की विचारत, "काय गुरुजी, झाली का आगगाडी?" आणि शिक्षकांच्या खोलीत हसू पसरे. मुली रोज संध्याकाळी अंगणात एकमेकींचा झगा धरून शिट्या वाजवत धावत. त्याचाही मला त्रास होऊ लागला होता.

तिसऱ्या आठवड्यात तिने दिशा काढली. "रविवारी मावळतीला जात न्हाईत," ती म्हणाली.

मी पाटीवर महाराष्ट्राचा नकाशा काढला. पुणे पश्चिमेला नसून नैऋत्येला आहे, हे तिला खडूने रेघ ओढून दाखवले. तिने पाटी तिरकी धरून पाहिली. "नैऋत्य म्हंजी मावळतीच्या शेजारचीच की रं," ती म्हणाली.

"आक्का, मला सुटी रविवारचीच असते. हे पहिल्याच आठवड्यात सांगितले असतेस तर एवढी ओढाताण झाली नसती. तुला कुठे जायचे आहे? मग तू दिवस कशाला बघतेस?"

माझा आवाज चढला नव्हता. माझा आवाज सहसा चढत नाही, आणि लोक त्याला माझा गुण समजतात. बायकोने चुलीपुढून एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा फुंकणी हातात घेतली.

आक्काने पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मग तिनेच तोड सांगितली. शनिवारी प्रस्थान ठेवायचे. जाण्याचा दिवस दिशेला चांगला नसला, तर आदल्या दिवशी प्रत्येक प्रवाशाचे एकेक कापड, थोडे तांदूळ, सुपारी आणि हळकुंड यांचे गाठोडे बांधून त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशी सुरू झालाच, माणसे मागून निघाली इतकेच. गाठोडे परत घरी आणायचे नाही, जातानाच उचलायचे. आमच्या पश्चिमेला बागवानांचे घर होते. तिथल्या चाचीला आक्का सकाळचे दूध देत असे, तिच्याकडेच ठेवायचे ठरले. मी कंटाळून हो म्हटले.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून आलो तो गाठोडे गेले होते, आणि माझा इस्त्री केलेला एकुलता एक पांढरा सदराही त्यात गेला होता. पुण्याला मी काय घालून जाणार होतो? आक्का गोठ्यात होती. तिला विचारले असते तर ती नाहीच म्हणाली असती. मी एक जुना सदरा काखेत दाबून, आपल्या घरी चोरी केल्यासारखा मागच्या बाजूने बागवानांकडे गेलो.

चाचीला बदलाबदली पसंत नव्हती. "कपडा काढला तर कपडा ठेवा," तिने बजावले. "तुमच्या आक्कानं पाच मोजून दिलेत. मी बी पाचच परत देनार."

"चार," मी म्हणालो.

"मास्तर, तुमी शाळेत पोरान्ला गनित शिकवता ना?"

मी गाठ सोडली. वर माझा सदरा, मग बायकोचे निळे पातळ, दोन झगे. सगळ्यांच्या खाली, तांदळाच्या पुडीला टेकून, आक्काचे गर्द तपकिरी लुगडे होते. नातलगांच्या लग्नांत नेसायचे तेवढे एक तिच्यापाशी होते. त्याची चौकोनी घडी घालून, वर माझे कापड येईल आणि हे दिसणार नाही, अशा बेताने ते ठेवलेले होते.

मी सदरा बदलला नाही. गाठ जशी होती तशी बांधण्याचा प्रयत्न केला. चाचीने ती माझ्या हातातून घेऊन नीट मारली.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितले. तिला नवल वाटले नाही. "वन्संच्या मनात आहे, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं," ती म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही कागद लिहून आणला होता."

तीन आठवडे मी आक्कावर चिडलो होतो. ती वाट अडवते, असे मला वाटत होते. एकदाही तिला, तू येतेस का, असे विचारले नव्हते. आणि तिने मागावे कसे? जिने आजवर दिले, तिला मागण्याची सवय नसते, हे मला कळायला हवे होते. मी गोठ्यात गेलो. ती आंबोण कालवत होती, हात कोपरापर्यंत पेंडीने भरलेले.

"आक्का, उद्या तू जा यांच्याबरोबर. मी थांबतो."

"म्हस कोन पिळंल?"

"मी पिळीन."

"तुला शिवू देती व्हय ती? गेल्या साली लाथ खाल्ली हुतीस, इसरलास?"

"तुझे जुने लुगडे अंगावर घेतो. वासाने फसेल."

आक्काने घमेले खाली ठेवले. मला वाटले ती हसेल, पण ती हसली नाही. बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "सांजच्याला धारंआधी रेडकू सोडायचं," ती अखेर म्हणाली. "घाई करायची न्हाई. बोलायचं न्हाई, तुझ्या आवाजानं बुजंल. आन् डोक्यावरनं पदर घे."

बायकोने रात्रीच्या भाकरीआधी भिंतीवरचा कागद काढून घेतला, गाड्यांच्या वेळा तेवढ्या दुसऱ्या चिटोऱ्यावर उतरवल्या आणि बाकीचे चुलीत घातले. मला काहीच विचारले नाही.

रविवारी पहाटे सकाळची धार काढून आक्का त्यांच्याबरोबर निघाली, आणि बागवानांकडून गाठोडे उचलताना तिथेच तपकिरी लुगडे नेसली. दिवसभर मी स्वतःवर प्रसन्न होतो, हे कबूल केले पाहिजे. दुपारी दोघातिघांना मी होऊन सांगितलेही की आक्काला पाठवले आहे. संध्याकाळी लुगडे गुंडाळून, पदर घेऊन म्हशीपाशी बसलो. तिने मान वळवून मला निवांत हुंगले. रेडकू पिऊन घेई तोवर ती उभी राहिली, मग तिने पान्हा चोरला. अर्ध्या तासाने चरवीत जेमतेम एक पेला दूध होते. कुंपणापलीकडून चाची पाहत होती. "मास्तर, पदर बरा घेता तुमी," ती म्हणाली, आणि ते गावात बरेच दिवस टिकले.

त्या परतल्या तेव्हा मुली झोपेने लुळ्या पडल्या होत्या. आक्काने दूध किती निघाले ते विचारले, ऐकून घेतले, आणि पाय धुऊन निजली. बाग कशी होती, हे मी विचारले तेव्हा म्हणाली, "चांगली हुती." बस, तेवढेच.

सोमवारी सकाळी मी तोंड धूत गोठ्याच्या कुडाशी उभा होतो. आतून धारेचा आवाज येत होता आणि आक्का बोलत होती. मला आधी वाटले धाकटी आत असेल. पण आत फक्त म्हैस होती.

"लई मोठा हत्ती," आक्का तिला सांगत होती. "तुझ्या तिप्पट. आगगाडीत बी बसले. लेकरांची गाडी, गुडघं हनुवटीला लागलं, पर बसले. पोरी म्हनल्या, आत्या, धर घट्ट. म्या कशाला धरतीय? हात सोडून बसले."

धार थांबली, पुन्हा सुरू झाली. ती पुढे सांगत राहिली, मोराचे, वाघाच्या वासाचे, कोणा शहरी बाईने तिला जागा दिली त्याचे. मी तोंडावरचे पाणी न पुसता तिथे उभा राहिलो. शाळेची पहिली घंटा झाली तरी हललो नाही.