नायकाच्या मागे उभी असलेली माणसं

आयुष्यभर हिंदी चित्रपट पाहून ज्याला एकाही नायकाचं तोंड धड आठवत नाही, असा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. बँकेच्या बदलीवर मी दोन वर्षांसाठी म्हणून बनारसला आले, दूधविनायकाच्या गल्लीत त्यांच्याकडे खोली घेतली आणि मग अर्जांवर अर्ज करून तिथेच राहिले. गल्लीत त्यांना सगळे काका म्हणत. चार पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं घर. आत मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी, आणि काका चिडले की दोन्ही. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती आणि चित्रपटही ते त्याच नजरेने बघत. नायकाकडे का बघत नाही असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, त्याचं तिकीट पक्कं आहे. तो आरामात बसलाय. ज्याच्याकडे तिकीट आहे त्याच्याकडे मी नोकरीत कधी बघितलं नाही, आता काय बघू? बघायचं ते दाराशी उभं असलेल्याकडे."

मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला कपाळापासून हनुवटीपर्यंत न्याहाळलं आणि आतल्या घराकडे तोंड करून ओरडून सांगितलं की चहाच्या मळ्यातल्या त्या गाण्यात डावीकडून दुसरी टोपलीवाली आहे ना, ती आलीय. मी तशीच परत फिरणार होते. पण काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की ह्यांना सगळीच माणसं कुठे ना कुठे दिसतात, तू मनावर घेऊ नकोस, नळाला पाणी मात्र दोन्ही वेळ येतं. काकूंनी स्वतः उभ्या जन्मात एकही चित्रपट पूर्ण पाहिला नव्हता. त्यांच्या मते ज्या घरात एका माणसाला एवढं वेड आहे त्या घरात दुसऱ्याने शहाणं राहणं ही घराची गरज असते.

काकांचं खरं घर मुन्शी घाटाच्या वरच्या अंगाला, एका वैद्यांच्या माडीवरच्या हॉलमध्ये होतं. तिथे दर रविवारी दुपारी तीन वाजता जुन्या कृष्णधवल चित्रपटांचे दहाबारा भक्त जमत. माकडांनी तार तोडलेली नसेल तर टीव्ही लागायचा, तोंडात पान असलेली मंडळी मान वर करून बोलायची, आणि नायिका गाऊ लागली की सगळे एकदम गप्प व्हायचे. सगळे म्हणजे काका सोडून. ऐन अंतऱ्यात काकांचा आवाज यायचा, "थांबव. जरा पीछे घे." आणि मग मागच्या टेबलावर सरबत पिणाऱ्या कोणा टकल्या माणसाबद्दल आम्हाला ऐकावं लागायचं. हा इसम गेल्या चित्रपटात कोर्टात पंखा ओढत होता, आता पार्टीत आलाय, म्हणजे दिवस पालटले, असं काका समाधानाने सांगत. एकच बाई एका चित्रपटात बारशालाही होती आणि प्रेतयात्रेतही होती. तिच्यावर फार कामं पडतात म्हणून काका खरोखर हळहळले होते. ह्या माणसांची नावं कुठल्या श्रेयनामावलीत नसत, म्हणून काकांनी आपली ठेवली होती. टोपीवाले, सातारकर मावशी, घामट दारोगा. अडीच तासांचा चित्रपट आम्हाला दोन रविवार पुरायचा.

ह्या छळाविरुद्ध कायम उभे राहायचे ते आमचे वकीलसाहेब. इथलेच, कचेरीत दिवाणी दावे चालवणारे, आणि गाण्याचे शौकीन. काकांनी गाणं थांबवलं की ते उठून उभे राहत आणि भरल्या हॉलमध्ये स्थगितीचा अर्ज करत. दोघांचं भांडण इतकं जुनं होतं की एक आला नाही तर दुसरा अर्ध्यातच उठून जायचा. एका हिवाळ्यात वकीलसाहेब दोन दिवसांच्या तापाने गेले. काका त्या रविवारी आले नाहीत, पुढच्याही आले नाहीत. घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसलेले असायचे, जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या. तेराव्याला त्यांनी मला लॅपटॉप बरोबर घ्यायला लावला आणि आम्ही वकीलसाहेबांच्या घरी गेलो. तिथे जमलेल्या मंडळींसमोर काकांनी एका चित्रपटातली जत्रा लावली आणि बोट ठेवलं. जिलबीच्या दुकानापुढे तिसरा माणूस. "हे बघा, वकीलसाहेब. द्रोण संपलाय तरी हलत नाहीत, आणि बोटं शेजाऱ्याच्या गमछ्याला पुसतायत." आणि मला शपथेवर सांगावंसं वाटतं की ते वकीलसाहेबच होते. ती मान, ते शेजाऱ्याशी बोलता बोलता हळूच गमछा ओढणं. जमलेली मंडळी हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

फक्त वकिलीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरून पडद्याजवळ तोंड नेलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ई बंबई कब गइलन? हमसे त कहलन कि कचहरी जात हईं." चित्रपट निघाला तेव्हा बाबूजी पाळण्यात होते हे त्यांना मुलाने समजावलं, सुनेने समजावलं, तरी पुढचे तीन दिवस त्या दिराला फोन करून विचारत होत्या की ते मुंबईला गेले हे तुम्ही सगळ्यांनी माझ्यापासून का लपवलंत. चौथ्या दिवशी त्यांनी मुलाकडून ती जत्रा आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतली. अजून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर बघतात असं ऐकते.

तेव्हापासून हा आमच्या मंडळींचा रिवाजच झाला. कोणी गेलं की काका त्याला शोधत आणि तेराव्याला घरच्यांना दाखवत. रामनगरचे मास्तर पूल ओलांडून येताना नेहमी उशीर करत आणि आम्हाला चित्रपटाची सुरुवात त्यांना तोंडी सांगावी लागे. ते गेले तेव्हा काकांना एका स्टेशनावर सापडले, सुटलेल्या गाडीमागे पिशवी सांभाळत धावताना. शोधाचे काकांचे नियम कडक होते. माणूस प्रेतयात्रेतला नको, खलनायकाच्या टोळीतला नको, आणि नुसता उभा असलेला तर नकोच, काहीतरी करत असला पाहिजे. खवय्या असेल तर खाताना सापडला पाहिजे. एका डॉक्टरांसाठी त्यांनी दीड महिना घालवला, कारण डॉक्टर कधी हसत नसत आणि गर्दीतली माणसं पैसे घेऊन सारखी हसतात.

मग काकांचंच हृदय कुरकुरू लागलं. वैद्यांच्या माडीचे जिने बंद झाले. मी बँकेतून आले की लॅपटॉप घेऊन खाली जायची आणि आम्ही दोघं बघत बसायचो. अशाच एका संध्याकाळी, पडद्यावरून नजर न काढता, ते म्हणाले, "माझं कोण शोधणार? तूच शोध. आणि मी आहे तोवर शोध. मला बघून पास करायचंय."

मला वाईट वाटलं, पण त्यांना ते आवडलं नसतं, म्हणून मी कामाला लागले. तुम्हाला वाटेल सोपं आहे. मी महिन्याभरात नऊ माणसं काढली आणि काकांनी नऊच्या नऊ गाडीतून खाली उतरवली. एकाचे कान मोठे. एक बायकोला मारणारा दिसतो. एकाला बघताच ते ताडकन बसते झाले आणि म्हणाले की हा तर बिनतिकीट आहे, बघ कसा नजर चुकवतोय. सहावा मला अगदी हुबेहूब वाटत होता, तर म्हणाले, चेहरा ठीक आहे गं, पण ह्याला घरी वाट बघणारं कोणी नाही, चालण्यावरून कळतं. काकू आतून म्हणाल्या की ह्यांना आरशातलं तोंड कधी पसंत पडलं नाही, तिथे तुझी काय कथा. दहावा माणूस मी शोधत होते त्याच आठवड्यात काका दुपारचे झोपले ते उठले नाहीत.

मी खूप रडले. आणि रडून झाल्यावर मला भीती वाटू लागली, कारण तेरावा यायचा होता. काकूंनी तोंडाने काही म्हटलं नव्हतं, पण दहाव्या दिवशी घाटावरून परतल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यांचं काढलंस का गं?" चित्रपटाकडे पाठ करून आयुष्य काढलेल्या बाईने ते विचारलं. मी हो म्हणून बसले.

काका कसे शोधत ते तरी कळावं म्हणून मी जुने तुकडे पुन्हा लावले. आधी जिलबीचं दुकान. आणि मी चाटच पडले. तो माणूस वकीलसाहेबांसारखा मुळीच नव्हता. उंच होता, काटकुळा होता, आणि गमछा त्याचा स्वतःचाच होता. स्टेशनावर धावणारे मास्तर तर जेमतेम पंचविशीचे. मी सगळे बघितले, एकही जुळेना. त्या त्या दिवशी आम्हाला जे दिसलं होतं ते पडद्यावर नव्हतंच. काका शेजारी बसून सांगत होते म्हणून ते दिसत होतं. त्यांनी आमच्या एकेका माणसाकडे इतकी वर्षं इतकं नीट बघून ठेवलं होतं की पडद्यावरच्या कोणालाही समोर धरून ते त्यात आपला माणूस उभा करू शकत होते. मला ते येत नव्हतं. शेजारी दहा वर्षं राहून मी काकांकडे बघितलंच किती होतं?

शेवटी तेराव्याच्या सकाळी एक माणूस घेतला. एका गाण्याच्या सुरुवातीला नायिका टांग्यातून जाते, तेव्हा मागे रस्त्यावर एक धोतर आणि कोटवाला गृहस्थ चालता चालता थबकतो, वरचा खिसा चाचपतो, मग खालचा, आणि समाधान होऊन पुढे जातो. काका घराबाहेर पडताना असेच दोन्ही खिसे चाचपायचे, आणि चष्मा नाकावर असायचा. तेवढंच माझ्याजवळ होतं. जेवणं झाली, मंडळी ओसरीवर बसली, वैद्यांनी काकूंना पुढे पाटावर बसवलं आणि मी तुकडा लावला. काकांसारखं बोलायचं मी ठरवलं होतं, पण ऐन वेळी ते जमलं नाही. मी नुसतं बोट ठेवलं.

काकूंनी चष्मा पुसून घातला. गृहस्थ आला, थबकला, खिसे चाचपून गेला.

"हे ते नव्हेत," काकू म्हणाल्या.

मी मान खाली घातली. वैद्य काहीतरी सावरून घ्यायला लागले, तर काकूंनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना त्या पुढे वाकल्या. टांगा निघाला, नायिका गाऊ लागली, आणि त्या तिच्याकडे न बघता पडद्याच्या कडेकडे बघत राहिल्या, जिथून तो गृहस्थ दिसेनासा झाला होता.

"हा पुढे कुठे जातो गं?"

"पुढे नाही दाखवलेलं, काकू. पुढे सगळं गाणं टांग्यावरच आहे."

काकूंनी पदराने हात पुसले आणि पाट जरा जवळ ओढून घेतला.

"बरं. जरा पीछे घे."