तोडगाबाई

'तोडगा' हा शब्द नुसता ऐकला तरी आमच्या टीचरच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. शारजातल्या रोल्लाच्या बाजारात मासे घेतानासुद्धा त्या घासाघीस करत नसत. भाव पटला तर घ्यायच्या, नाही पटला तर पाठ फिरवायच्या. मासेवाला 'हबीबी, लास्ट प्राइस' म्हणत मागे आला की त्याच्यावरच उखडायच्या, मग आधी खोटं का बोललास म्हणून. त्यामुळे दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आम्ही आयांनी त्यांचं नाव ठेवलं होतं तोडगाबाई. अर्थात पाठीमागे. तोंडावर बोलायची कुणाची टाप होती?

त्या मूळच्या वसईच्या, ख्रिश्चन, पन्नाशी उलटलेल्या. नवरा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपमध्ये होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुबईत एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, आणि शनिवारी सकाळी रोल्लाहून बस आणि मेट्रो करत आमच्या हॉलमध्ये पाच मुलांची शिकवणी घ्यायला यायच्या. माझी सई त्यातली एक. चहा पद्मानं, म्हणजे आमच्याकडे राहून काम करणाऱ्या बाईनं आणला, की तिला नावानं हाक मारून 'थँक यू' म्हणायच्या. मला ते जरा जास्तच वाटायचं.

त्या वर्षी विषय होता अमेरिकेतली यादवी, गुलामगिरीवरून देश दुभंगला ती. टीचरनी हॉलच्या मधोमध फरशीवर चिकटपट्टी लावली. अलीकडे गुलाम ठेवणारी राज्यं, पलीकडे न ठेवणारी. मुलं म्हणजे राज्यं. नवं राज्य सामील व्हायचं झालं की भांडण, त्याला इकडे उभं करायचं की तिकडे? मग मोठी माणसं बसून ठरवणार, एक इकडे घ्या, एक तिकडे, समसमान, मिटलं. दर वेळी मिटलं म्हणायचं आणि दर वेळी पुढच्या राज्याला पुन्हा तेच. "ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांना कुणी विचारलं का?" टीचर विचारायच्या. "खोलीत नसलेल्या माणसाच्या जिवावर काढतात त्याला तोडगा म्हणतात."

मुलांच्या नोट्समध्ये युद्धाची चार कारणं होती: जकात, राज्यांचे हक्क, वेगळी जीवनपद्धती आणि चौथ्या नंबरला, अंग चोरून, गुलामगिरी. टीचरनी ती यादी फाडायला लावली. राज्यांचे हक्क? कशाचा हक्क हवा होता? माणूस विकत घेण्याचा. जीवनपद्धती? कुणाच्या कष्टावर? आमच्या ह्यांना हे पटेना. परीक्षेत चार कारणं विचारली तर पोरं काय एकच लिहिणार? ते बाहेर येऊन म्हणालेही, की टीचर, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर असतं. "थोडंथोडं विकलं जातं का माणूस?" टीचर म्हणाल्या. हे आत गेले.

पुढच्या शनिवारी पळून जाणाऱ्यांचा धडा होता. गुलाम पळून उत्तरेत पोचला तरी त्याला पकडून परत द्यायचं, असा कायदाच झाला होता. तोही तोडग्याचाच भाग. टीचरनी विचारलं, तो तुमच्या दारात उभा आहे, काय कराल? पाचही मुलं शूर. सगळ्यांनी त्याला लपवला. मग त्यांनी विचारलं, की त्याला पळावं का लागलं, सरळ दारातून चालत का नाही गेला? सई म्हणाली, "मे बी दे केप्ट हिज पेपर्स. लाइक पद्मा आंटीचा पासपोर्ट इज इन मम्माज लॉकर."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला.

आता खरं सांगते. ठेवला होता मी तिचा पासपोर्ट. माझ्या पाटल्यांच्या डबीखाली. सगळेच ठेवायचे. बिचारीचा हरवेल, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. तिच्या मुलीचं, तिकडे तेलुगू मुलखात गोदावरीकाठी, बाळंतपण जवळ आलं होतं आणि दोन महिने ती रजा मागत होती. मी म्हणत होते, इन्शाल्ला, सईची परीक्षा होऊ दे.

टीचरनी पुस्तक मिटलं, पद्माशी दोन वाक्यं बोलल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी भडकले. आम्ही काय तिला चाबकानं मारतो? पगार वेळेवर, जेवण आमच्याच ताटातलं, एसी आहे, घरातलीच आहे ती.

"नोकरी म्हणजे गुलामी नव्हे, एवढं मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण घरातल्या माणसाचा पासपोर्ट कुलपात का लागतो?"

मी नरमून म्हटलं, परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, ती झाली की देते, मधला मार्ग काढू. हेच नेमकं म्हणायला नको होतं. त्यांनी वाकून फरशीवरची पट्टी खरवडून काढली. पद्माच्या हातात पासपोर्ट पडेपर्यंत या घरात शिकवणार नाही, असं सांगून त्या चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी आयांच्या ग्रुपवर रण पेटलं. निम्म्या म्हणाल्या टीचर बरोबर आहेत, निम्म्या म्हणाल्या हिला नसती उठाठेव कुणी सांगितली. आणखी तीन घरांतल्या कपाटांत पासपोर्ट निघाले. ग्रुपचे दोन ग्रुप झाले, हळदीकुंकू दोन ठिकाणी झालं. आणि मी, लाज वाटते पण लिहिते, रागाच्या भरात टीचरच्या शाळेला मेल केला, की तुमच्या शिक्षिका परवानगी नसताना शिकवण्या घेतात. प्रिन्सिपलनी त्यांना सुचवलं म्हणे, की पालकांची माफी मागा, प्रकरण मिटवू. त्या म्हणाल्या, शिकवणीची चूक माझी, ती लिहून देते. बाकी कशाची माफी नाही. नोकरी गेली. खलास.

आता येणार नाही ही बया, असं मला वाटलं. शनिवारी सकाळी बघते तर इमारतीखाली झाडाखालच्या बाकावर टीचर बसलेल्या, भोवती चार मुलं. एक पैसा न घेता. जूनचं ऊन, नऊलाच अंगाची लाही होत होती. सई चपला घालून निघाली. मी तिला अडवलं नाही. परीक्षा होती ना! दुसऱ्या शनिवारी पद्मा पाण्याची बाटली घेऊन खाली गेली, मला न विचारता. मी बाल्कनीतून बघत राहिले. माझ्या एसीच्या हॉलमध्ये मी एकटी, आणि ज्यांच्यासाठी हा हॉल ते सगळे खाली.

लॉकर उघडला. मला साधेपणानं काही जमतच नाही. पासपोर्टाबरोबर पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि खाली जाऊन सईला म्हटलं, फोटो काढ. पद्मा संकोचून हात पुढे करणार तेवढ्यात टीचर म्हणाल्या, "तिचंच तिला देताय. पेढे कसले त्यात?" मी बॉक्स बाकाखाली सरकवला. मेल मी केला होता, हेही सांगून टाकलं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणाल्या, "वरून तक्रार करायची आणि खाली पोर शिकायला पाठवायची. एक काहीतरी ठरवा, सईची आई."

पद्मानं पासपोर्ट घेतला, उघडला आणि उघडाच माझ्यासमोर धरला. मुदत तीन महिन्यांपूर्वी संपली होती. इतका जपून ठेवला होता मी, की एकदाही उघडून पाहिला नव्हता. टीचरनी पहिल्यांदाच मान खाली घातली. त्यांची सासू वारली तेव्हा नवऱ्याचा पासपोर्ट असाच मालकाच्या कपाटात होता आणि तो माणूस घरी पोचला नव्हता, हे त्यांनी पद्माला सांगितलं होतं. मला ते पद्माकडून कळलं, फार नंतर.

नोकरीबरोबर टीचरचा व्हिसाही रद्द झाला होता, सामान बांधायचं होतं. तरी शिल्लक दिवसांतले चार त्यांनी पद्माबरोबर पासपोर्टच्या रांगांत घालवले. मी गाडी देते म्हटलं. त्या नको म्हणाल्या. नवा पासपोर्ट आला त्याच्या आदल्या दिवशी पद्माला नात झाली. बाळंतपण हुकलं ते हुकलंच. एकाच आठवड्यात दोघी गेल्या, टीचर वसईला, पद्मा गावी. निघताना मी पद्माला विचारलं, कधी येशील? ती म्हणाली, "सोचके बताऊंगी, मॅडम." सहा वर्षांत असं कधी बोलली नव्हती.

दोन महिने झाले तरी तिचा फोन नाही. शेवटी न राहवून मी वसईला लावला. टीचर शांतपणे म्हणाल्या, "येईल, नाहीतर नाही येणार. तिचं ती ठरवेल. एवढ्यासाठीच तर भांडलो आपण."

आपण! मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, टीचर, मी कुठली भांडले, मी तर समोरच्या बाजूला होते.

"होतात," त्या म्हणाल्या.

पुढे काही गोड जोडतील म्हणून मी फोन कानाशी धरून थांबले. त्यांनी जोडलं नाही.