पायरीवरची आठ फुलं

खरं सांगायचं तर मी देवीकडे भक्तीने गेलो नव्हतो. पत्नीच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. आता चालली नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही मात्र वॉकरकडे बघायलाही तयार नव्हती. ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत तो कोपऱ्यात उभा असे आणि मी त्यावर टॉवेल वाळत घालत असे. देवीला विनवून झालं, हिला रागावून झालं, पण दोघींपैकी कोणी ऐकेना. देवीवरचा माझा विश्वास तेव्हा पार उडत चालला होता.

चैत्रातल्या अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या पाण्यात घालून प्यायच्या, ही हिच्या माहेरची रीत. आपण मुंबईकर ज्या उंच, सरळसोट झाडाला अशोक म्हणतो तो नव्हे. हा शेंदरी फुलांचा सीतेचा अशोक. वाळकेश्वरच्या उतारावर थोडं रान उरलंय, तिथल्या दाट सावलीत तो आहे आणि त्याच्या बुंध्याशी देवीची शिळा. कळ्या तोडायला मनाई झाल्यापासून ही दरवर्षी जाऊन, खाली पडलेली आठ फुलं देवीला वाहून यायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही. यंदा म्हणाली, "माझं तिथलं जाणं संपलं. फोटो तेवढा आणा."

फोटो म्हणजे माझा प्रांत. गिरगावातल्या एका स्टुडिओत मी जन्मभर रिटचिंग केलं. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढली, नवरदेवाच्या टकलावर केस उगववले. त्यामुळे अष्टमीच्या सकाळी जरा ऐटीतच कॅमेरा घेऊन गेलो आणि तो टेकवायची तिपाई घरी विसरलो. झाडाखाली उजेड इतका कमी, की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे आणि तेवढ्यात माझे म्हातारे हात हलत. दहा फोटो काढले, दहाही धूसर. शेवटी मनातल्या मनात म्हटलं, आई, मला काही हे जमत नाही, आता तूच बघ.

जवळच्या बाकावर फ्रॉक घातलेल्या एक ख्रिस्ती आजी माळ जपत बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि आपली कापडी पिशवी समोरच्या कठड्यावर ठेवली. "हात हलतो तुमचा, बाबा. ह्याच्यावर ठेवा ना कॅमेरा. आणि घाई नका करू."

कॅमेरा पिशवीवर टेकवला, टायमर लावला आणि हात काढून घेतला. वाराही तेवढ्यात पडला. फुलांचे गुच्छ स्वच्छ उमटले. पिशवी परत देताना आभार मानले, तर "गॉड ब्लेस" म्हणून त्या निघूनही गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

घरी कॉम्प्युटरवर बसलो आणि जुनी खोड जागी झाली. शिळेपुढची तुटकी पायरी आधी पुसली, पाचोळा काढला, मग उजेड वाढवला, रंग चढवले. दुपारी हिला दाखवला. हिने बराच वेळ पाहिला.

"छान आहे. कॅलेंडरसारखा. माझी पायरी कुठंय?"

"ती तुटकी गं. काढून टाकली."

"तिच्यावरच बसत्येय मी इतकी वर्षं," ही म्हणाली. "तुटलं की काढून टाकायचं का?"

मला लाज वाटली. मूळ फोटो पुन्हा उघडला. काही पुसलं नाही, रंगांना हात लावला नाही, सावलीतला काळोख तेवढा थोडा उजळला. पायरी हळूहळू वर आली. तिच्यावर फुलं होती, एका ओळीत मांडलेली. तिथे उभा असताना मला ती दिसली नव्हती.

"तुम्ही वाहिलीत?"

"नाही."

हिने बोट लावून दोनदा मोजली. आठ. "माझी जागा धरून ठेवलीय कुणीतरी," म्हणाली. डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या वॉकरवरचा टॉवेल काढा आधी."

त्या दिवशी ती दारापर्यंत गेली, महिन्याभरात जिन्यापर्यंत. ती फुलं आजींनी मांडली की आणखी कुणी, याचा शोध मी घेतला नाही. ज्याने मांडली त्याला रोज हात जोडतो. फोटो भिंतीवर आहे, काळोखासकट. येणारे जाणारे म्हणतात, तुमच्यासारख्या माणसाने जरा ब्राइट करायला हवा होता. मी म्हणतो, असू दे, मिळाला तसाच आहे. आणि ही आतून ओरडते, "पुढच्या अष्टमीला मी येणार आहे, तेव्हा तिपाई विसरू नका."